पडल्यानंतर खुर्चीत बसवून ठेवू नका
आई एकदा पडल्या म्हणून त्यांचं चालणं बंद करू नका. हालचाल थांबली की मांड्यांतली ताकद जाते आणि पुन्हा पडण्याचा धोका उलट वाढतो. ओट्याला धरून उभं करा: आधी पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून. प्रत्येक वेळी १० सेकंद. तुम्ही अगदी शेजारी थांबा, पण दंड घट्ट पकडू नका. घट्ट पकडला, की तोल त्या सांभाळत नाहीत, तुम्ही सांभाळता. (सुरुवातीला मीही हेच करायचो.) हात न टेकता खुर्चीतून उठणं जमलं, की चेहराच बदलतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्या सैल सपाता आजच टाकून द्या.