मायकल जॅक्सनची गाणी तो स्वतः लिहायचा का? पडद्यामागे राहून गाणी लिहिण्यात करिअर होतं का?

काही स्वतः लिहायचा, 'बिली जीन', 'बीट इट' त्याचीच. पण 'रॉक विथ यू', 'ऑफ द वॉल' आणि खुद्द 'थ्रिलर' रॉड टेम्पर्टनचं, शब्द पण आणि चाल पण. इंग्लंडमधल्या क्लीथॉर्प्सचा माणूस, आधी ग्रिम्सबीला फ्रोझन माशांच्या कंपनीत कामाला, मग जाहिरात बघून हीटवेव्ह बँडमध्ये कीबोर्डवर लागला आणि १९७७ ला त्याचं 'बूगी नाइट्स' अमेरिकेत दोन नंबरला गेलं. तिथून मायकलचा अल्बम बनवणाऱ्या प्रोड्यूसर क्विन्सी जोन्सनं त्याला मायकलसाठी बोलावलं.

हा प्रश्न मला लागतो कारण मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडच्या एका मंडळासाठी गणपतीचं गाणं केलं होतं, शब्द माझे, चाल माझी, बेसलाइन पण रात्र रात्र जागून मीच बसवलेली. फ्लेक्सवर गायकाचा हा एवढा फोटो, खाली साउंडवाल्याचं नाव, मांडववाल्याचं नाव, माझं कुठेच नाही. विचारलं तर म्हणे लोक गाणाऱ्याला बघायला येतात. घरी दादाचंही तेच, "समोर उभा राहतो तो कलाकार, बाकीचे मदतनीस." यावरून आमचं अजून वाजतं.

मदतनीस? 'थ्रिलर'चं नाव आधी 'स्टारलाइट' होतं. क्विन्सी म्हणाला अजून चांगलं बघ, टेम्पर्टन विचार करत झोपला आणि सकाळी उठला तर हा शब्द डोक्यात, अख्ख्या अल्बमला मग तेच नाव लागलं. गाण्याच्या शेवटी भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस जे भुताखेतांचं बोलतो ना, त्यातलं बरंचसं टेम्पर्टननं स्टुडिओत जाताना टॅक्सीत लिहिलंय. २०१६ ला गेला तोपर्यंत रस्त्यात कोणी ओळखायचं नाही त्याला, आणि त्याला ते चालायचं. मला नाही चालत.

तर करिअर होतं, पण गाणं हातातून सोडायच्या आधी नाव कागदावर लिहून घ्या, "प्रसिद्धी मिळेल" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा आणि आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी (गाणं वापरल्याचे पैसे) गोळा करणाऱ्या संस्थेचं, मेंबर व्हा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गाण्यातला गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. हां, रॉयल्टीच्या भरवशावर नोकरी मात्र सोडू नका, मीही सोडलेली नाही. आणि गायकांवर माझा राग नाही, मायकलसारखं ते कोणीच गायलं नसतं.

फक्त दादानं एकदा 'थ्रिलर'ची सुरुवात ऐकावी आणि मायकल तोंड उघडायच्या आधी गाणं ओळखू येतं की नाही ते सांगावं.