एचओ लेआउटवर (एचओ मापाच्या खेळण्यातल्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर) गाडी लांबच्या टोकाला मंदावते, मध्येच थांबते. इंजिन खराब आहे का?

तेच इंजिन कंट्रोलरजवळ नीट धावत असेल, तर इंजिनाला दोष देऊ नका. वीज रुळांच्या जोडपट्ट्यांतून पुढे जाते. त्या काही वर्षांत सैल होतात, काळ्या पडतात, खडीचा गोंद आत शिरतो आणि प्रत्येक सांध्यावर व्होल्टेज गळतं.

लेआउटखालून २.५ चौ. मिमीच्या दोन मुख्य तारा न्या, लाल आणि काळी. दर मीटरला त्यांच्यापासून ०.५ चौ. मिमीच्या छोट्या तारा रुळांना जोडा. डाग (सोल्डर) रुळाच्या बाहेरच्या अंगालाच द्या, आत दिलात तर चाकांच्या कडा आपटतील. रूळ आणि तार आधी वेगवेगळे कथिलाने माखून घ्या, मग दोन-तीन सेकंदांत काम होतं. जास्त वेळ सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की प्लास्टिकचे स्लीपर वितळतात आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बिघडतो. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा.

सगळेच सांधे डाग देऊन पक्के करू नका. पावसाळ्यात प्लायवुड फुगतं, उन्हाळ्यात रूळ लांबतात. सरळ भागात अधूनमधून अर्धा मिमी फट हवीच.

डीसीसी (गाड्या चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर टोकाला दोन्ही रुळांवर नाणं टेकवा. बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) लगेच बंद पडला नाही, तर तारा अजून अपुऱ्या आहेत.