कोरियन वारसा आणि जगभरचे प्रभाव मिसळून अंतःप्रेरणेने रंगवणारा चित्रकार कोण? यात मूळ हरवत नाही का?

किम व्हान्की. झालं उत्तर. पण ते "मूळ हरवत नाही का" वाचलं आणि डोकं सणकलं, कारण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी मला हेच ऐकवलं होतं. तीन आठवडे जागून मोठं निळं ॲबस्ट्रॅक्ट केलेलं, आणि सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, हे सगळं अमेरिकेचं उसनं, यात तुझ्या मातीचं काय आहे, त्यापेक्षा वारली कर. अहो मी मिरजेचा, वारली माझी कुठून झाली? आणि हेच सर आपल्या ॲबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं नाव निघालं की आदराने कान पकडायचे! ते १९६४ ला न्यूयॉर्कला गेले तेव्हा व्हान्की आधीपासून तिथेच होते, मग हे दोघंही उसनेच का?

पुढे ऑफिसच्या कामासाठी दक्षिण कोरियात, सोल शहरात गेलो, रविवार मोकळा मिळाला तर बुआम-दोंग भागातल्या व्हान्की म्युझियममध्ये जाऊन आलो. निळे ठिपके, नुसते ठिपके. जवळ गेल्यावर दिसतं की एकेका ठिपक्याभोवती चौकोनी रेघ आहे, आणि ऑइल कलर टर्पेंटाइनने इतका पातळ केलाय की तो सुती कॅन्व्हासमध्ये कागदावरच्या शाईसारखा झिरपलाय. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये बसून हा माणूस तेलरंगाकडून शाईचं काम करून घेत होता! सोल आठवत ठिपके टाकतोय असं डायरीत लिहून ठेवलंय त्याने. मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि सरांशी मनातल्या मनात भांडत होतो.

व्हान्कीचा जन्म १९१३ चा, कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरचा, शिक्षण टोकियोत, १९५६ ते ५९ पॅरिस, आणि त्या काळात रंगवत काय होता तर डोंगर, चंद्र आणि कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीतल्या पांढऱ्या गोल बरण्या. त्या बरण्या दोन वाडगे जोडून करायचे म्हणून जराशा वाकड्याच असतात. १९६३ पासून न्यूयॉर्क, १९७४ मध्ये तिथेच मरण पावला. २०१९ ला हाँगकाँगच्या लिलावात त्याचं १९७१ चं चित्र दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं, तेव्हा कुणी उसनं म्हटलं नाही.

अंतःप्रेरणा वगैरे ठीक आहे, पण हजारो ठिपके लहरीवर होत नाहीत, त्याला बैठक लागते.

वारलीला नावं ठेवत नाहीये हां, ज्यांची आहे त्यांनी काढावी. आणि मोबाईलवर बघून मत बनवू नका, ही चित्रं माणसापेक्षा उंच आहेत. माझं ते निळं अजून कपाटामागे आहे, कुणाला हवं असेल तर सांगा.