लॅडर की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट? आधी रात्रपाळीला विचारा

(कारखान्यातलं कंट्रोल पॅनेल आणि त्याच्या आतल्या गोष्टींवरचे वाचकांचे प्रश्न. या खेपेला पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, भाषांवर इतकी पत्रं आली की मोटर आणि ड्राइव्हवाले पुढच्या अंकात. लॅडर म्हणजे शिडीसारख्या आकृतीत काढलेला प्रोग्राम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट म्हणजे ओळींत लिहिलेला.)

प्रश्न : मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, शिक्षण इलेक्ट्रिकल डिप्लोमा. आमचे सीनियर म्हणतात, पीएलसी म्हणजे लॅडर, बाकी सगळी फॅडं. आता नवीन पॅकिंग मशीन आलंय, त्याचा बहुतेक प्रोग्राम स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, लॅडर म्युझियममध्ये ठेवा. चहाच्या टपरीवर दोघांची चांगलीच जुंपली. मी कोणाचं ऐकू आणि काय शिकू?

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं ऐका. तुमचे सीनियर रात्रपाळीला बंद मशीनसमोर उभे राहिलेले आहेत, आणि मागे सुपरवायझर दर पाच मिनिटांनी येऊन ‘किती वेळ?’ विचारतोय. तो इंजिनिअर मशीन चालू करून, रिपोर्टवर सही घेऊन गाडीत बसतो. जो तो आपल्या जागेवरून बोलतोय.

लॅडर मुळात तुमच्या सीनियरसारख्या माणसांसाठीच जन्माला आली. 1968च्या सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला एक डोकेदुखी होती. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंची (विजेने चालणाऱ्या स्विचांची) पॅनेलच्या पॅनेल उसकटून नव्याने वायरिंग करायचं. त्यावर डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन 084 हा कंट्रोलर काढला. 084 म्हणजे त्यांचा 84वा प्रकल्प. त्याचा प्रोग्राम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसायचा, म्हणजे इलेक्ट्रिशियनला वेगळं काही शिकवायला नको. हा हिशेब अजूनही चुकीचा ठरलेला नाही.

कन्व्हेयर सुरू होत नाही असं धरा. तुम्ही लॅपटॉप जोडता, ऑनलाइन जाता, मोटरची कॉइल (प्रोग्राममधलं मोटर चालू करणारं चिन्ह) शोधता. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून हिरवी रेघ येते, तीन काँटॅक्ट (एकेक म्हणजे एकेक अट) ओलांडते आणि चौथ्यापाशी निळी तुटक होते. चौथा काँटॅक्ट म्हणजे मागच्या गार्डचा लिमिट स्विच. तुम्ही मशीनच्या मागे जाता. गार्ड लागलेला असतो, पण स्विचचा रोलर वाकलेला. काम संपलं. हीच अट स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये एका लांबलचक ओळीत ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ आणि तीन कंसांत असेल, तर बाजूला ट्रू-फॉल्स दिसत असले तरी कुठे अडलंय ते डोक्यात सोडवावं लागतं. रात्री अडीचला ते जमतं, पण वेळ जातो.

आता दुसरी बाजू. भट्टीच्या तापमानाची शेवटची वीस रीडिंग घेऊन सरासरी काढायची आहे, किंवा पन्नास रेसिपींतून एक उचलून तिचे आकडे मशीनला द्यायचे आहेत. हे लॅडरमध्ये करून ठेवलेले प्रोग्राम मी पाहिलेत. मूव्ह, अॅड, मूव्ह, अॅड, पानंच्या पानं. तिथे हिरवी रेघ शेवटपर्यंत हिरवीच असते आणि काहीही सांगत नाही. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये ते फॉर लूपच्या चार-पाच ओळींत बसतं आणि वाचलं की कळतं. जिथे आकडेमोड, याद्या, मजकूर आहे, तिथे लॅडरचा हट्ट धरणं हा निव्वळ हेका आहे. सीनियरना हे सांगताना शब्द तुमचे वापरा, माझे नको.

आणि मुळात दोन्हींतून एक निवडा असं कोणी सांगितलंच नाहीये. 1993 साली आलेल्या आयईसी 61131-3 या मानकाने या भाषा शेजारी शेजारी बसवल्या : लॅडर, फंक्शन ब्लॉक डायग्रॅम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि क्रमाने चालणाऱ्या कामांसाठी सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट, जो फ्रान्सच्या ग्राफसेटवरून आला. एकाच प्रोजेक्टमध्ये त्या मिसळता येतात. इन्स्ट्रक्शन लिस्ट 2013च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली आणि 2025च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. म्युझियममध्ये कोणी गेलं असेल तर ती, लॅडर नव्हे. (अर्थात सीमेन्सच्या जुन्या एस7-300 पीएलसीवर तिचाच भाऊबंद एसटीएल अजून मुकाट काम करतोय, त्याला हात लावायची वेळ तुमच्यावर येईलच.)

माझं मत विचाराल तर मोटर, व्हॉल्व्ह, इंटरलॉक (एक अट पुरी झाल्याशिवाय दुसरं चालू न देणारी अडवणूक), अलार्म, म्हणजे मेंटेनन्सवाला जे उघडून बघणार ते सगळं लॅडरमध्ये असावं. गणित आणि रेसिपी स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, फंक्शन ब्लॉकच्या आत बंद, बाहेर फक्त नीट नावं दिलेली इनपुट-आउटपुट. मशीनच्या पायऱ्यांचा क्रम मात्र लॅडरमध्ये सेट-रिसेटचे पंचवीस बिट वापरून लिहू नये. दोन बिट एकदम चालू राहिले की कोणत्या पायरीवर अडकलंय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. पायरीचा एक नंबर ठेवावा आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्टमधल्या ‘केस’ या रचनेने तो पुढे सरकवावा. तो नंबर एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरसमोरच्या, स्क्रीनवर दाखवला की अर्धं ब्रेकडाउन लॅपटॉप न उघडताच कळतं.

तुम्ही आधी लॅडर पक्की करा, ती रोजच्या रोज लागणार. मग या नव्या मशीनचा प्रोग्राम समोर ठेवूनच स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वाचायला शिका, लिहिणं नंतर. पण मशीनचा प्रोग्राम तुमच्याकडे आहे ना? कॉमेंटसकट, पासवर्डशिवाय? टपरीवर भाषेवरून वाद घालणाऱ्या किती कारखान्यांत ब्लॉक कुलूपबंद असतात आणि चावी मशीनवाल्याकडे! पुढच्या मशीनच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) ही अट टाकायला तुमच्या साहेबांना आत्ताच सांगा. पेमेंटचा शेवटचा हप्ता गेला की मग फोन उचलत नाहीत.

प्रश्न : काका, मी सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. सी आणि पायथन येतं. लॅबमधल्या पीएलसीवर ‘सेन्सर येईपर्यंत थांब’ असा व्हाइल लूप लिहिला, तर सीपीयूचा लाल दिवा लागला आणि तो एररमध्ये गेला. सेन्सर तर समोर लागलेला दिसत होता. असं का?

उत्तर : कारण तुझ्या लूपला तो दिसतच नव्हता. पीएलसी एका फेरीत तीन कामं करतो : सगळे इनपुट एकदा वाचून मेमरीत ठेवतो, प्रोग्राम वरून खाली चालवतो, शेवटी आउटपुट बाहेर पाठवतो. मग पुन्हा पहिल्यापासून. हा स्कॅन. तुझा लूप दुसऱ्या कामात अडकला, त्यामुळे इनपुट पुन्हा वाचायची वेळच आली नाही. सेन्सर बाहेर लागला, आत मात्र मघाचीच नोंद. इतका वेळ स्कॅन संपत नाही म्हटल्यावर वॉचडॉगने (स्कॅनच्या वेळेवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याने) हरकत घेतली. सीमेन्सच्या सीपीयूंमध्ये ही मर्यादा मुळात 150 मिलीसेकंद ठेवलेली असते.

पीएलसीत थांबायचं नसतं, विचारून पुढे जायचं असतं. ‘पायरी 10 चालू आहे आणि सेन्सर आलाय, तर पायरी 20’ एवढं लिही. नाही आला तर नाही आला, पुढच्या स्कॅनला पुन्हा विचारलं जाईल. फॉर लूप चालतो, कारण तो किती वेळा फिरणार ते आधी ठरलेलं असतं.

टायमरमध्येही तू याच कारणाने फसशील. टॉन हा ठरलेल्या वेळाने चालू होणारा टायमर ब्लॉक इफच्या आत टाकलास आणि इफ खोटा झाला, की त्या स्कॅनला ब्लॉकला हाकच जात नाही. तो रिसेट होत नाही, आहे तसा राहतो. टायमर इफच्या बाहेर ठेव, दर स्कॅनला बोलव आणि अट त्याच्या इनपुटला दे. कॉम्प्युटरवाल्यांनी लिहिलेल्या पीएलसी प्रोग्राममध्ये मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

प्रश्न : स्टॉप बटण एनसी (न दाबता जोडलेलं) जोडलंय, पण प्रोग्राममध्ये तोच काँटॅक्ट एनओ (एरवी उघडा) काढलाय. ड्रॉइंग चुकलंय का? (वायरमन, इचलकरंजी)

उत्तर : बरोबर आहे, हात लावू नका. बटण दाबलेलं नसताना एनसीमधून 24 व्होल्ट इनपुटवर येतात, म्हणून मेमरीत 1. एनओ काँटॅक्ट ‘1 आहे का?’ एवढंच बघतो. 1 आहे, म्हणून वाट मोकळी. बटण दाबलं किंवा वायर तुटली की 0, मशीन थांबतं. बटण एनओ जोडलं असतं तर वायर तुटलेली कळली असती थेट स्टॉप दाबताना. इमर्जन्सी स्टॉप मात्र नुसत्या साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडू नका, त्याला सेफ्टी रिले हवा. भाषा कुठलीही असो.

प्रश्न : मुलाला ऑटोमेशनच्या क्लासला घालायचंय. फी भरमसाट आहे, नोकरीची हमी देतात. घालू का?

उत्तर : फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन एकच विचारा : एका पीएलसीवर किती मुलं बसतात आणि वायरिंग स्वतः करायला मिळतं का? नुसतं स्क्रीनवर शिकवणार असतील तर ते घरी फुकट होतं. कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, त्यात सिम्युलेटर आहे आणि मानकातल्या भाषाही आहेत. डेल्टाच्या छोट्या पीएलसीचं डब्ल्यूपीएलसॉफ्टही फुकट मिळतं. त्यावर दोन महिने मुलगा टिकला, तर क्लासच्या पैशांतून एक छोटा पीएलसी, 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय, चार पुश बटणं, चार इंडिकेटर आणि एक कॉन्टॅक्टर घेऊन द्या. वायरिंगच्या वेळी मात्र जवळ कोणीतरी जाणकार असू द्या. नोकरीच्या हमीचं म्हणाल तर ती लेखी मागा, मग ते काय बोलतात ते मला कळवा.