करंजाच्या बियांच्या तेलावर डिझेल इंजिन चालतं का?

हो, चालतं. करंजाच्या बीमध्ये साधारण ३० टक्के तेल असतं. ते कडू आणि अखाद्य, त्यामुळे इंधनासाठी वापरलं तर कुणाच्या ताटातलं कमी होत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळीत याच तेलावर जनरेटर चालवून पाण्याचे पंप फिरवले होते.

मात्र कच्चं तेल डिझेलपेक्षा बरंच दाट असतं. ते नेहमी वापरलं तर इंजेक्टरवर काजळी धरते. म्हणून मिथेनॉल आणि उत्प्रेरक वापरून त्याचं बायोडिझेल करतात. तेलात आम्ल जास्त असेल तर आधी ते कमी करावं लागतं, नाहीतर साबणच तयार होतो.

खरी अडचण बियांची आहे. झाडाला चांगला बहर यायला काही वर्षं जातात, आणि शेंगा गोळा करून फोडायला मजुरी लागते. जट्रोफा या दुसऱ्या तेलबियांच्या झुडपाच्या वेळी पडीक जमिनीतून भरघोस उत्पन्नाची आशा दाखवली गेली, ती फोल ठरली. म्हणून सलग लागवड करण्यापेक्षा बांधावर आणि ओढ्याकाठी करंज लावा, असं मी आग्रहाने सांगेन. शिवाय पेंड खत म्हणून शेतातच उपयोगी पडते.