समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया: स्ट्रक्चरल घेऊ की जिओटेक?

तुझं पत्र वाचलं. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, डायनॅमिक्स आवडतं, समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पाया लाटांना आणि भूकंपाला कसा तोंड देतो यावर मास्टर्स करायचंय, पण स्ट्रक्चरल घेऊ की जिओटेक हे ठरत नाहीये, आणि बाबा म्हणतात एवढं आडवाटेचं फील्ड कशाला, सरळ बिल्डिंग डिझाइन कर.

माझं उत्तर, जिओटेक म्हणजे माती आणि पायांचं इंजिनिअरिंग घे आणि त्यात स्ट्रक्चरल डायनॅमिक्सचे जेवढे विषय बसतील तेवढे बसव. कारण या कामात सगळं अडतं ते मातीपाशी.

मोनोपाइल म्हणजे समुद्रतळात ठोकलेली स्टीलची एकच अवाढव्य नळी, हल्ली व्यास 8-10 मीटर, वर शंभरेक मीटरचा टॉवर आणि टोकाला शेकडो टन वजन. हे सगळं मिळून एकदा पुढे-मागे डोलायला साधारण 3 ते 5 सेकंद घेतं. वादळातल्या लाटा 10-12 सेकंदांच्या, पण रोजच्या बारक्या लाटा 4-6 सेकंदांच्याही असतात, म्हणजे अगदी शेजारी, शिवाय पाती फिरण्याची लयही आसपासच, त्यामुळे टर्बाइनची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा डोलते ते, एका अरुंद पट्टीत बसवावी लागते आणि माती धरली होती त्यापेक्षा मऊ निघाली की ही फ्रिक्वेन्सी लाटांच्या बाजूला सरकते. दर 8 सेकंदांना एक लाट धर, 25 वर्षांत जवळजवळ 10 कोटी लाटा होतात! म्हणून एका मोठ्या लाटेइतकीच फटीगची, म्हणजे सततच्या हेलकाव्यांनी स्टील थकून तडे जाण्याची, पण काळजी. आणि पाती फिरत असताना हवा स्वतःच डोलणं बरंच दाबते, टर्बाइन बंद असली की तो आधार जवळपास जातो, म्हणजे बंद टर्बाइन सुरक्षित असं डोक्यात असेल तर काढून टाक.

भूकंपाचं गणित वेगळं. त्याची बरीचशी ताकद 1 ते 10 हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला 1 ते 10 हेलकाव्यांत असते, टॉवरचा पहिला मोड, म्हणजे ते 3 ते 5 सेकंदांचं सावकाश डोलणं, त्याच्या खूप खाली, म्हणून लोकांना वाटतं इथे भूकंप फारसा लागणार नाही. पण दुसरा मोड, म्हणजे टॉवरचं मधेच वाकून होणारं जलद डोलणं, बरोबर त्याच्या तावडीत सापडतो, उभा हादरा वरच्या नॅसेलपर्यंत, म्हणजे टोकावरच्या जनरेटरच्या डब्यापर्यंत, वाढत जातो, आणि खाली सैल वाळू असेल तर लिक्विफॅक्शन, म्हणजे हादऱ्याने ओली वाळू पाण्यासारखी पातळ होते. पाया तुटत नाही पण कलतो. समुद्रतळाशी कल साधारण अर्ध्या अंशाच्या आत ठेवतात, तेवढ्यानेही 120 मीटर उंचीवर टोक एक मीटर सरकतं. त्यात भूकंप चालू टर्बाइनला लागला, बंदला लागला, की हादऱ्याने इमर्जन्सी स्टॉप लागला त्याच क्षणी, हे तिन्ही तपासायचं असतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आता बाबांसाठी. समुद्रातला पहिला विंड फार्म डेन्मार्कचा विंडेबी, 1991 चा, 450 किलोवॅटची 11 टर्बाइन्स, काँक्रीटच्या वजनदार पायांवर. म्हणजे विषय तरुण आहे आणि आधी बहुतेक काम उत्तर समुद्रात झालं जिथे भूकंपाची फार चिंता नव्हती, आता तैवान आणि जपानसारख्या ठिकाणी काम चाललंय म्हणून लाटा आणि भूकंप दोन्ही एकत्र समजणारी माणसं लागतात. आणि समजा विंडमध्ये जमलं नाही तरी माती आणि स्ट्रक्चर मिळून कसं हलतं हे येणाऱ्याला पूल, बंदरं, उंच इमारती सगळीकडे काम आहे, बिल्डिंग डिझाइनचा रस्ता बंद होत नाही हे त्यांना नीट सांग.

सॉफ्टवेअरच्या कोर्सला लगेच पैसे घालू नकोस. ओपनफास्ट (पवनचक्कीच्या सिम्युलेशनसाठी) आणि ओपनसीज (भूकंपात स्ट्रक्चर कसं हलतं त्यासाठी) फुकट मिळतात, पण त्याच्याही आधी पायथनमध्ये एक साधं मॉडेल स्वतः लिही, वर एक वजन, खाली मातीच्या जागी स्प्रिंग, मॉरिसनच्या समीकरणाने (खांबावर लाटेचा जोर काढायचं सूत्र) लाटेचा जोर लाव, मग न्यूमार्क पद्धतीने, म्हणजे क्षणाक्षणाने हालचाल मोजत, भूकंपाचं रेकॉर्ड चालव. स्प्रिंग निम्मी मऊ कर आणि काय होतं बघ.

स्प्रिंगसाठी पी-वाय कर्व्ह (पाइल आडवा सरकला की माती किती जोराने अडवते त्याचे आलेख) वापरशील तेव्हा एक लक्षात ठेव, त्या मूळच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या लांब, बारीक पाइल्ससाठी, वाळूतल्या गाजलेल्या चाचण्या साधारण 0.6 मीटर व्यासावर झालेल्या. 8 मीटरचा आखूड पाइल तसा वाकत नाही, अख्खाच फिरतो. ब्रिटनमधल्या पिसा (PISA) या संशोधन प्रोजेक्टने यावरच काम केलंय, ते वाच आणि मॉडेलचे रिझल्ट आले की पाठव, मग कोणत्या प्रोफेसरांना लिहायचं ते बघू.