वहीची मागची पानं

"मावशी, मी 29 वर्षांची, कोल्हापूरला घरूनच ग्राफिक डिझाइनचं काम करते. जूनपासून एका साडीच्या दुकानाचं सोशल मीडिया बघते. ठरलं होतं महिन्याला 12 पोस्ट, 9,000 रुपये. आता त्यात रील आल्या, सेलचे फ्लेक्स आले, शेठच्या नातीच्या बारशाचं कार्डसुद्धा मीच केलं. रविवारी रात्री मेसेज येतो, 'ताई, पाच मिनिटांचं काम आहे'. माणूस चांगला आहे, पैसे वेळेवर देतो, पण मी थकलेय. नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती वाटते. माझं जीएसटी नाही त्यामुळे बिल वगैरे देत नाही, पैसे जीपेवर येतात. जास्तीची कामं मी आपली एका वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते, आत्तापर्यंत 43 झालीत. वकिलाकडून अ‍ॅग्रीमेंट करून घेऊ की सरळ दुसरा क्लायंट शोधू?"

अगं पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या वहीपाशीच थांबले. तू एका ओळीत उरकलंस, 'आपली लिहून ठेवते' म्हणून, पण सात महिने एकेक काम मोजून उगाच कोण लिहितं गं? ज्याला पैसे येणं आहे असं वाटतं तोच लिहितो. 12 पोस्टचे 9,000 म्हणजे एका पोस्टचे 750, त्याच भावानं 43 कामं धरली तरी 32,250 रुपये होतात, आणि रीलला पोस्टपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो हे तुला माहितीय. हा आकडा तू मनात कधीच काढलेला असणार, मला खात्री आहे.

आता जरा कडू बोलते. शेठला ह्या वहीचा पत्ता आहे का? नाही ना. म्हणजे सात महिने तू एका माणसाच्या नावावर उधारी चढवतेयस आणि त्याला माहीतच नाही की आपण उधार घेतोय. कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा 'मांडून ठेवतो हं' असं तोंडावर सांगतो आणि मग लिहितो. शेठना तुझ्याकडून प्रत्येक वेळी फक्त 'हो, करते' एवढंच मिळालं, त्यांनी का थांबावं? तू थकलीयस हे खरं आहे आणि त्याचं मला वाईटही वाटतं, पण ह्यात त्यांना वाईट ठरवायला मी तयार नाही.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण मी हेच केलंय. 90 च्या दशकात मी पुण्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचे. एका संस्थेची स्मरणिका होती, 64 पानांची ठरली, मग देणगीदारांचे फोटो वाढले, मग आणखी दोन लेख आले, मग अध्यक्षांचं मनोगत तिसऱ्या प्रूफाला, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या तिसऱ्या प्रतीला, पूर्ण बदललं. मी प्रत्येक वेळी हसून घेतलं आणि रात्री डायरीत लिहिलं. काम संपलं, ठरलेले पैसे मिळाले, आणि मी त्या लोकांचे फोन घेणं बंद केलं. वर्षभरानं सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले, म्हणाले, आमचं काही चुकलं का? त्या माणसाला खरंच काहीही माहीत नव्हतं गं. मी मनातल्या मनात त्यांना वर्षभर लबाड म्हणत होते. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आणि वाईट ह्याचं वाटतं की मला रीत माहीत होती! माझ्या सासऱ्यांचा ट्रेडलचा छापखाना होता, त्यांच्याकडे प्रूफावर दोन रंगांच्या पेन्सिली चालायच्या. कंपोझिटरनं, म्हणजे आमच्या जुळाऱ्यानं, अक्षरांचे खिळे चुकीचे जुळवले असतील तर लाल, ते आपण दुरुस्त करायचं, एक पैसा घ्यायचा नाही. लेखकानं स्वतःचंच वाक्य बदललं असेल तर निळी, आणि निळ्या खुणांचे पैसे वेगळे लागायचे. पण ते निळं प्रूफ लेखकाच्या हातात जायचं, त्याच्यासमोर मोजलं जायचं, आणि पुढच्या प्रूफाला आपोआप निळं कमी व्हायचं, कुणी भांडत नसे. तुझ्या वहीत सगळं निळंच आहे, फक्त ते ज्याला दिसायला हवं त्याला दिसत नाहीये.

म्हणून एकच काम सांगते. ती 43 कामं आज टाइप कर, तारीख, काम, त्याचे किती झाले असते ते, आणि खाली बेरीज. खाली लिही की हे मी आत्तापर्यंत ठरलेल्या 9,000 मध्येच करून दिलंय, ह्याचे पैसे मागत नाहीये. हो, सोडून दे, कारण आधी भाव न सांगता केलेल्या कामाचे मागाहून पैसे मागणं मला बरोबर वाटत नाही, चूक तुझी होती, किंमत तूच भर. आणि मग लिही की येत्या 1 तारखेपासून 12 पोस्टच्या वरचं जे काही येईल त्याचा भाव मी आधी पाठवीन, तुमचं 'ओके' आलं की काम सुरू करीन. माझी स्वतःची चूक असेल, साडीचा भाव चुकला, नाव चुकलं, तर ते रविवारी रात्रीसुद्धा फुकट. बारशाचं कार्डही त्या यादीत घाल, गाळू नकोस, मला माहितीय तू तेच गाळणारेस.

जीएसटीचं म्हणशील तर सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारण नोंदणी लागतच नाही, आणि नोंदणी नसतानाही साधं बिल देता येतं, फक्त त्यात जीएसटी लावायचा नाही. दर महिन्याला देत जा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारदरबारी नोंद, तीपण करून ठेव, ऑनलाइन फुकट होते, छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यानं छोट्या सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी ठरलं नसेल तर 15 दिवसांत आणि लेखी ठरलं असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पुढेमागे कुणी थकवलं तर उपयोगी पडेल. पण तुझे शेठ वेळेवर देतात. तू मागितलेलेच नाहीत ते पैसे कुठला वकील मिळवून देणार? आणि दुसरा क्लायंट शोधलास तर ही वही त्याच्याकडेही घेऊन जाशील.

यादी पाठवलीस की त्यांचा फोन येईल. घाबरून कट करू नकोस, उचल. 'ताई, हे काय?' असं विचारतील. म्हण, 'शेठ, तुमच्याच दुकानाचं काम आहे, तारखेसकट.' एवढंच म्हण आणि गप्प बस. लगेच 'तसं काही नाही हो, असू द्या' असं तोंडात येईल, ते गिळ, पुढचं वाक्य त्यांना बोलू दे.